बर्फाच्या आधीचा आकडा

दौगवपिल्स
१२ फेब्रुवारी २०१२

बिरुते,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न उघडताच टाकशील, म्हणून वरचा पत्ता लिगिताच्या हातचा आहे. हो, तीच, आपल्या तिसऱ्या मजल्यावरची. तिचा मुलगा तिकडे परदेशात तुमच्याच मशरूमच्या शेडमध्ये लागलाय म्हणे. तुझा पत्ता तिच्याकडे सहा महिन्यांपासून होता आणि ही बाई जिन्यात रोज भेटून मला फक्त हवा सांगत होती. तू तिला बजावलं असणार. फोनवर माझा आवाज ऐकलास की तू ठेवून देतेस, तेव्हा आता पत्र.

माफी मागायला लिहीत नाहीये, घाबरू नकोस. मला एक गोष्ट विचारायची आहे आणि ती सांगू शकेल अशी तू एकटीच आहेस.

पॉलिक्लिनिक बंद पडलं तेव्हा मी नर्सची टोपी ट्रंकेत टाकली, हे तुला लिगितानं कळवलंच असेल. सध्या मी विद्यापीठात डॉ. विज्मा नावाच्या बाईंच्या प्रयोगात मदतनीस आहे. बायकांना पुरुषाचा कसा चेहरा आवडतो, आणि बाई ताणात असली तर ती आवड बदलते का, असा त्यांचा प्रश्न आहे. पहिल्या दिवशी मी म्हटलं, हे तर मी तुम्हाला कॉफी पिता पिता सांगितलं असतं. त्या म्हणाल्या, "मग दुसऱ्या दिवशी पिता पिता वेगळं सांगितलं असतंत." बाई मला तिथेच आवडल्या.

काम असं चालतं. बऱ्याच पुरुषांचे फोटो काढून त्यांचं रक्त तपासून ठेवलं आहे. ज्यांच्या रक्तात ताणाचं हार्मोन कमी, अशा दहा जणांचे चेहरे संगणकात एकमेकांत मिसळून एक चेहरा करतात. ज्यांच्यात जास्त, त्या दहांचा दुसरा. पुरुषी हार्मोनाचंही तसंच, आणि असे बरेच गट. हे चेहरे कोणाचेच नसतात, तरी बघणारीला वाटतं की याला आपण बाजारात कुठेतरी पाहिलंय. अठरा ते पस्तीस वयाच्या बायका येतात आणि त्या चेहऱ्यांना एक ते सात आकडे देतात. मग मी त्यांचा हात बर्फाच्या पाण्यात बुडवून ठेवते, तीन मिनिटं. जीव कासावीस होतो आणि अंगात ताण चढतो. वीस मिनिटांनी पुन्हा तेच चेहरे आणि पुन्हा आकडे. आधी एकदा आणि नंतर एकदा नळीत लाळ घ्यायची, पाळीचा कितवा दिवस ते लिहायचं. बाहेर उणे वीस, आणि मी आत बसून यंत्रातला बर्फ फोडते.

बर्फाला हात पोचेपर्यंत त्या बायका हसत असतात. बर्फानंतर फारसं हसत नाहीत. काहींचे आकडे तसेच राहतात, काहींचे चांगलेच हलतात, आणि त्या स्वतः शपथेवर सांगतात की आपण तेच दिले होते. हे मी रोज बघते आणि रोज मला आईच्या आजारपणाचं वर्ष आठवतं.

तर माझा प्रश्न. आईचा रिपोर्ट आल्यावर किती आठवड्यांनी तुला उल्डिस आवडायला लागला? तेव्हा तुला झोप किती लागत होती? दफनानंतरच्या जेवणात मी जे बोलले ते सगळ्यांसमोर बोलायला नको होतं, एवढं मान्य. पण ते चूक होतं का, हे मला आता खरंच जाणून घ्यायचं आहे.

औस्त्रा


८ मार्च २०१२

बिरुते,

उत्तर नाही. मी धरलंच नव्हतं. पण सोमवारी असं काही झालं की ते तुझ्याशिवाय कोणाला सांगून उपयोग नाही, बाकी सगळे हसत नाहीत, नुसती मान हलवतात.

सोमवारी पाच मार्च. माझा नामदिन. तुला माहीत आहे, मी कोणाला सांगत नाही. पण कॅलेंडर सांगतं ना, त्या तारखेखाली माझं नाव छापलेलंच असतं. नामदिनाला कोणी बोलावत नाही, ज्याला आठवलं तो येतो, आणि आलेल्याला उपाशी पाठवायचं नाही. म्हणून मी आदल्या दिवशी आईच्या पद्धतीनं क्लिंगेरचा गोड पाव भाजला, केशर आणि बेदाणे भरपूर, आणि संस्थेत घेऊन गेले. आमचे दोन-तीन शिपाई, डॉ. विज्मा, एवढेच येतील असं वाटलं होतं.

त्या दिवशी अकरा बायका प्रयोगासाठी होत्या. सगळ्यांना मी स्वतः फोन करून बजावलं होतं की लाळ द्यायच्या आधी दोन तास पाण्याशिवाय काही नाही. पहिली मुलगी एक वाजता आली ती तीन ट्यूलिप घेऊन. भिंतीवरच्या कॅलेंडरात नाव बघितलं म्हणाली. आता ती फुलं देऊन उभी, मी काय करणार? कॉफी ओतली, क्लिंगेर कापला. दुसरी आली, तिनं तीन ट्यूलिप पाहिले आणि खाली जाऊन पाच घेऊन आली. अशा अकराही जणी. नळ्यांच्या स्टँडशेजारी माझी कॉफीची किटली होती, बिरुते, आणि मला ती दिसत होती. पाच वाजता डॉ. विज्मा आल्या, दोन तुकडे खाल्ले, तिसरा उचलला आणि स्टँडकडे बघून हातातच धरून राहिल्या.

"औस्त्रा," त्या म्हणाल्या, "तुम्ही दिवसभर लाळ गोळा केलीत की कॉफी?"

मग आम्ही दोघी खाली बसलो. रागवायचं तर त्यांच्याही तोंडाला साखर लागलेली. एवढ्या शिकलेल्या बाई, आणि त्यांनाही तिसऱ्या तुकड्यापर्यंत सुचलं नाही. आपल्या माणसाकडूनच ही चूक व्हायची, दुसऱ्या कुठल्या देशात बाईनं सरळ सांगितलं असतं की केक नंतर.

आता त्या अकरांना पुन्हा बोलवायचं, आणि तेही कधीही नाही. पाळीचा तोच दिवस पुढच्या महिन्यात येईल तेव्हाच. मी डॉक्टरांना म्हटलं, हा दिवस वहीतून फाडून टाकू का? त्या म्हणाल्या, "बिघडलेला दिवस फाडायचा नसतो. बिघडला असं लिहायचं आणि पुन्हा मापायचं." मी तसं लिहिलं. खाली सही केली.

तू असतीस तर म्हणाली असतीस, औस्त्राला कोणी फुलं दिली की तिचं डोकं चालत नाही. खरं आहे. या वर्षी मला एकेचाळीस ट्यूलिप मिळाले आणि घरी ठेवायला फुलदाणी एकच आहे, कारण दुसरी तू नेलीस.

औस्त्रा


२२ एप्रिल

बिरुते,

अकराही पुन्हा येऊन गेल्या. बर्फानंतरची वीस मिनिटं त्यांना एका खोलीत माझ्याशेजारी बसवतात आणि त्या वेळात बायका काय काय बोलतात ते मला लिहून ठेवावंसं वाटतं, पण परवानगी नाही. एवढंच सांगते. बँकेतली एक मुलगी, लग्न ठरलेली, बर्फाआधी एका मवाळ चेहऱ्याला सहा देऊन बसली होती. बर्फानंतर त्यालाच तीन दिले. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "मावशी, लग्न कुठल्या आकड्यावर करायचं, आधीच्या की नंतरच्या?" मला हसू आलं. रात्री मात्र तेच डोक्यात घोळत होतं. डॉक्टरांना विचारलं तर त्या म्हणाल्या, ते आमच्या कक्षेत येत नाही.

त्या बिघडलेल्या दिवसाच्या काही नळ्या जादा उरल्या होत्या. मी म्हटलं, माझ्यावरच करून बघू का? माझं वय प्रयोगात बसत नाही, मी बावन्नाची, त्यामुळे माझे आकडे कशातच धरले जाणार नव्हते. डॉक्टर म्हणाल्या, करा, बर्फ फोडणाऱ्या बाईला बर्फ कसा लागतो ते कळू दे.

फार लागतो. दुसऱ्या मिनिटाला मला आई आठवली, का ते माहीत नाही.

आधी मी सगळ्यांना दोन-तीन असेच आकडे दिले. मास्तरीणबाई पेपर तपासतात तसे. सात नंबरच्या चेहऱ्याला दोन दिले. रुंद जबडा, जाड भुवया, मला अरेरावी वाटला. बर्फानंतर त्यालाच सहा दिले. मी देताना मला वाटलं की मघाशीही पाच-सहाच दिले होते. कागद पाहिला, तिथे दोन लिहिलेले.

मग मी धावत डॉक्टरांच्या खोलीत गेले आणि तुझी गोष्ट सांगितली. नाव न घेता, पण सगळी. एक बाई, तिची आई मरायला टेकलेली, दवाखान्याच्या गाडीचा ड्रायव्हर आठवड्यातून दोनदा घरी येतो, म्हातारीला चार मजले उचलून उतरवतो, आणि बाई त्याच्या प्रेमात पडते. भीतीनंच ना? डॉक्टरांनी चष्मा काढला आणि विचारलं, "आधीचा आकडा काय होता?"

मी म्हटलं, कसला आधीचा?

"आजारपणाच्या आधीचा. तिला तो किती आवडत होता?"

मी म्हटलं, आधी कुठला, आधी तो नव्हताच. त्या म्हणाल्या, "ते तुम्हाला तिनं सांगितलं का?" आणि चष्मा पुन्हा घालून कामाला लागल्या. वर एवढंच म्हणाल्या की शंभर बायका मिळून काय करतात हे त्या कदाचित सांगू शकतील, एका बाईबद्दल त्यांना काही सांगता येणार नाही, आणि मलाही येणार नाही.

मला राग आला. अजून थोडा आहे.

औस्त्रा


३० नोव्हेंबर २०१२

बिरुते,

सात महिने मी लिहिलं नाही. हे तिसऱ्यांदा लिहितेय. दोन पत्रं चुलीत गेली, कारण त्यांत मी शहाणी वाटत होते.

सात नंबरचा चेहरा कोणासारखा होता ते मी तुला लिहिलं नव्हतं. तू ओळखलं असशील.

त्या हिवाळ्यात मंगळवारी आणि शुक्रवारी नऊला दहा कमी असताना खाली गाडीचा हॉर्न वाजायचा. आईला शाल गुंडाळायची, औषधांची पिशवी भरायची, हे सगळं मी साडेआठलाच उरकून ठेवायचे, कारण मला नंतर केस विंचरायचे असायचे. आरशासमोर नाही, स्वयंपाकघराच्या खिडकीच्या काचेत, म्हणजे तुला कळू नये. तो दारात आला की मी त्याच्याशी फटकून वागायचे. बूट पुसा म्हणायचे. आईला उचलताना त्याच्या मानेवरची शीर फुगायची ती मला अजून दिसते. एक कान जरा बाहेर आलेला होता तोही दिसतो. सात वर्षं मी स्वतःला सांगत आले की त्याचा चेहरा माझ्या लक्षातही नाही.

मी स्वतःला समजावलं की हे काही खरं नाही. झोप नाही, आई जाणार, आणि आता घरात कोण उरणार या भीतीनं बाईला पहिला दणकट माणूस बरा दिसतो, बस. समजावलं आणि पटलंही. मग एके दिवशी तू जिन्यात त्याचा हात धरलेला मी पाहिला. पाहिला, म्हणजे मी वरून वाकून बघत होते. मला वाटलं, मला जे झालं तेच हिला झालंय, फक्त हिला ते कळत नाहीये. जेवणाच्या टेबलावर सगळ्या नातेवाइकांसमोर मी म्हणाले की आई गेली म्हणून तू याला धरलंस, भीती ओसरली की हा चेहराही उतरेल मनातून. तू चमचा खाली ठेवलास. आवाज न करता ठेवलास, ते मला जास्त लागलं.

ते तुझ्याबद्दल नव्हतं, बिरुते. माझं दुखणं मी तुझ्या नावावर वाचून दाखवलं.

प्रयोगाचे निकाल आले. सगळ्या मिळून बर्फानं थोडंसं काही हलतं, पण एका बाईत आणि दुसरीत एवढा फरक की डॉक्टर आणखी दोन वर्षं मापायचं म्हणतात. त्यांना त्याचं वाईट वाटलेलं नाही. उलट खूश आहेत. मलाही बर्फ फोडायला दोन वर्षं मिळाली.

यावर उत्तर दिलं नाहीस तरी मी समजेन. यापुढे मी प्रश्न विचारणार नाही.

औस्त्रा


१० फेब्रुवारी २०१३

बिरुते,

तुझं पत्र गुरुवारी दुपारी आलं. लिगितानं पेटीतून काढून स्वतः वर आणून दिलं आणि दारातच उभी राहिली, तिला मी घालवून दिलं. उघडलं नाही. पाकीट घेऊन सरळ संस्थेत गेले, एक नळी काढली, लाळ भरली, त्यावर माझं नाव लिहिलं, मग उघडलं. हसू नकोस. मला कळायला हवं होतं.

अर्धं पान. तुझं अक्षर आईसारखं व्हायला लागलंय. मी ते इतक्यांदा वाचलं की आता न बघता लिहू शकते:

"औस्त्रा, तुझा प्रश्नच चुकीचा आहे. रिपोर्ट आल्यावर किती आठवड्यांनी, असं विचारतेस. रिपोर्टच्या आधी दीड वर्ष. तो तेव्हा क्रास्लावा गावाच्या बसवर ड्रायव्हर होता आणि मी मुद्दाम शेवटची बस पकडायचे. तुला सांगितलं नाही, कारण तू त्याला टेबलावर ठेवून खोट काढत बसली असतीस. आईला न्यायला गाडी लागणार हे कळलं तेव्हा त्यानं माझ्यासाठी ती नोकरी धरली. तुला वाटलं तो दवाखान्यानं पाठवला. केस विंचरायचीस ते मला माहीत होतं. काच माझ्याही बाजूनं दिसते."

दीड वर्ष. म्हणजे बर्फाच्या आधीचा आकडा होता, नीट लिहून ठेवलेला होता, आणि सात वर्षांत मी तो एकदाही विचारला नाही. परक्या बायकांना रोज विचारते. ज्याला मी भीतीत सापडलेला माणूस म्हणत होते तो भीतीच्या आधीच तुझा होता, आणि मी मात्र तुझ्या माणसासाठी खिडकीत केस विंचरत होते आणि त्याला बूट पुसायला लावत होते. मला आधी इतकी लाज वाटली की कान तापले. मग हसू फुटलं. शेजारच्या खोलीतून डॉ. विज्मा आल्या, काय झालं म्हणाल्या. मी म्हटलं, आधीचं माप मिळालं. त्यांनी विचारलं, मग? मी म्हटलं, मग माझा सगळा प्रयोग रद्द. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. सात वर्षांत कोणी ठेवला नव्हता.

आणि तुला माहीत होतं. सगळं माहीत असून त्या टेबलावर तू मला उलट एक शब्द बोलली नाहीस. सगळ्यांसमोर माझी अब्रू काढता आली असती तुला. तू नुसता चमचा ठेवलास आणि गेलीस. त्या चमच्यासाठी मी तुझ्यावर सात वर्षं रागावले होते. माझं चुकलं, बिरुते. पहिल्या पत्रात माफी मागणार नाही म्हणाले होते, ती आता मागते, तुझीही आणि त्याचीही.

नळीचा आकडा काल आला. पाकीट न उघडलेल्या बाईचा ताण स्टँडमधल्या सगळ्या नळ्यांपेक्षा जास्त निघाला. बर्फात हात घातला होता तेव्हाही एवढा नव्हता. वहीत मी कारण लिहिलं आहे: बहिणीचं पत्र.

आता फोटोचं. तू पत्रात त्याबद्दल एक अक्षर न लिहिता तो आत सरकवलास, दोघं शेडबाहेर, पांढऱ्या टोप्या घालून. मी उल्डिसच्या चेहऱ्याला आकडा द्यायला खरंच पेन्सिल घेतली, सवयच झालीय. डोक्यावर केस राहिले नाहीत, जबडा गालात बुडाला, कान तेवढा जसाच्या तसा आहे. बराच वेळ बघितलं. बिरुते, मला काहीच झालं नाही. ओळखीचा, दमलेला, भला माणूस दिसला. मग शेजारी तू दिसलीस. तू बारीक झालीस, आणि हसताना अजून खालचा ओठ चावतेस. तुझ्यावरून नजर हलेना, आणि त्यासाठी आमच्या कागदावर रकानाच नाही. मी खाली कोपऱ्यात सात लिहिले.

पण हे माप मी ताणात असताना घेतलं, नळीच साक्षीला आहे. डॉक्टर असं एक माप धरत नाहीत. शांतपणे, दुपारच्या वेळी, समोरासमोर पुन्हा घ्यायला हवं.

या वर्षी पाच मार्चला मंगळवार येतो. त्या दिवशी प्रयोग ठेवलेला नाही, मी आधीच सांगून टाकलं. क्लिंगेर दोन भाजणार आहे, एकात बेदाणे कमी, तुला जास्त चालत नाहीत म्हणून. फुलदाणी मात्र एकच आहे. नामदिनाला कोणाला बोलवायची आपली पद्धत नाही, ज्याला आठवलं तो येतो, तेव्हा मी तुला बोलावत नाहीये.

उल्डिसलाही बोलावत नाहीये. त्याला सांग, बूट पुसायची गरज नाही.

औस्त्रा